घरात विश्वास कमी पडतो असे ज्यांना ऐकवले गेले, त्या ताईंना

ताई, सलाम.

तुमच्या प्रश्नाला लगेच उत्तर लिहायला बसलो नाही. घाईने लिहिले की अशा उत्तराची वचनांची यादी होते, आणि संडे स्कूल शिकवणाऱ्या बाईला ती यादी माझ्याहून जास्त पाठ असणार. मी नगर जिल्ह्यातल्या खेड्यांत आणि पुढे पुण्यात पाळक, म्हणजे चर्चचा धर्मगुरू, होतो. आता निवृत्त आहे, तरी माणसे येतात, बसतात, मन मोकळे करतात. त्या बसण्या-बोलण्यातून जे कळत गेले, त्याच्या आधाराने लिहितो.

तुमचे म्हणणे मला समजले ते असे. तुम्ही मंडळीतच, म्हणजे चर्चमध्येच वाढलात. मुलांना शिकवता, शुक्रवारची उपवास-प्रार्थना चुकवत नाही. दोन वर्षांपासून यजमान डायलिसिसवर आहेत. बाहेरगावाहून आलेल्या एका प्रचारकाने त्यांच्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना केली आणि जाताना सांगितले, घरात विश्वास कमी पडतो आहे, म्हणून आरोग्य अडले आहे. त्याच सुमारास मंडळीचा कारभार पाहणाऱ्या पंच कमिटीत तुम्ही बांधकाम निधीचा हिशेब विचारलात, तर ‘ताई, जरा नम्रता धरा’ असे ऐकावे लागले. आता प्रार्थनेला बसले की आत सगळे कोरडे. संडे स्कूल सोडून द्यावेसे वाटते. आणि शेवटी विचारता: नम्रता आणि विश्वास यांनीच आत्मिक वाढ होते, तर मी या दोन्ही गोष्टी कशा वाढवू? वाढ होते आहे हे कळणार कसे? उपवास वाढवू का?

मला यात खरी अडचण वेगळी दिसते. ख्रिस्ती जीवनातले हे दोन सर्वांत सुंदर शब्द, आणि दोन्ही तुमच्यावर उगारले गेले. एका ठिकाणी विश्वास कमी म्हणून दोष तुमचा, दुसऱ्या ठिकाणी नम्रता कमी म्हणून दोष तुमचा. तुम्ही मुकाट्याने तो पदरात घेतलात आणि आता कमी पडलेले भरून काढायला निघाला आहात. तुम्ही जास्त मेहनत करून हे भरून निघेल असे मला वाटत नाही. नम्रता आणि विश्वास म्हणजे आपण कमवायचे आणि देवापुढे नेऊन ठेवायचे असे काही नाही. देवाच्या हातून घेता येणे, हीच एक गोष्ट दोन बाजूंनी पाहिली की तिला ही दोन नावे पडतात. तुमच्या पत्रावरून तरी असे दिसते की तुम्हाला देणे फार चांगले जमते. घेण्यापाशी तुम्ही अडला आहात.

पण त्याआधी काही गोष्टी सांगायला हव्यात. त्या मला इथून दिसत नाहीत आणि बरेचसे त्यांवर अवलंबून आहे.

तुम्हाला झोप किती मिळते? डायलिसिस म्हणजे आठवड्यातून दोन-तीन खेपा, प्रत्येक खेपेला चारेक तास यंत्रावर, शिवाय जाणे-येणे, पाण्याचे माप, मीठ-फळांचे पथ्य आणि पैशांची जुळवाजुळव. हे दोन वर्षे करणाऱ्या माणसाला प्रार्थनेत कोरडे वाटले तर मी आधी त्याच्या आत्म्याकडे पाहत नाही, डोळ्यांखालच्या काळ्या वर्तुळांकडे पाहतो. बायबलमधले १ राजे, अध्याय १९ आठवा. कर्मेल डोंगरावर एवढा मोठा विजय मिळवलेला संदेष्टा एलीया झुडपाखाली बसून मरण मागतो. देवदूत त्याला उपदेश करत नाही. भाकर आणि पाणी देतो, झोपू देतो, पुन्हा उठवून खाऊ घालतो, कारण पुढची वाट तुला झेपणार नाही असे म्हणतो. देवाची ती शांत, मंद वाणी त्यानंतर चाळीस दिवसांनी होरेब डोंगरावर ऐकू येते. आधी जेवण, मग वाणी. हा क्रम देवाने लावलेला आहे, मी नाही.

कोरडेपणाबरोबर भूक मेली असेल, पहाटे तीनला जाग येऊन छातीत धडधडत असेल, जगण्यात राम नाही असे वाटत असेल, तर डॉक्टरांना दाखवा. नैराश्याला औषध आहे आणि ते घेणे हा अविश्वास नाही. आणि घरात कुणी हात उचलत असेल, छळत असेल (तुमच्या पत्रात तसे काही नाही, पण हे उत्तर इतरही बायका वाचतील), तर नम्रतेचा विषय तिथे बंद. आधी सुरक्षित जागी जायचे.

यातले काही नसेल असे धरून पुढे लिहितो.

‘आमचा विश्वास वाढवा’ ही मागणी प्रभू येशूच्या प्रेषितांनीही केली होती. लूकचे शुभवर्तमान, अध्याय १७ काढा आणि ती मागणी कोणत्या प्रसंगी येते ते बघा. तिथे कुणी आजारी नाही, समुद्रात वादळ नाही. प्रभूने एवढेच सांगितले आहे की तुझा भाऊ दिवसातून सात वेळा चुकला आणि सात वेळा येऊन पश्चात्ताप झाला म्हणाला, तर त्याला क्षमा कर. ते ऐकून प्रेषितांचे अवसान गळते. पंच कमिटीत बसलेल्या कुणालाही ते कळेल. चमत्कारापेक्षा रोजच्या माणसांना सोसायलाच विश्वास जास्त लागतो.

आणि प्रभू काय उत्तर देतो? विश्वास वाढवून देत नाही. मोहरीच्या दाण्याएवढा असला तरी पुरे, म्हणतो. म्हणजे मापाचा प्रश्नच तो बाजूला सारतो. आपल्याकडे अलीकडे विश्वासाला मोबाइलच्या रिचार्जसारखे वागवतात. बॅलन्स संपला की फोन लागत नाही, आणि फोन लागला नाही तर दोष तुमचा, मोठे पॅक मारा. शुभवर्तमानात असे कुठेही नाही. तिथे विश्वास किती, यापेक्षा तो कुणावर टाकला आहे, हे महत्त्वाचे.

त्याच बोलण्यात लगेच पुढे दासाची गोष्ट येते. नांगरून आलेल्या दासाला धनी ‘बस, जेव’ म्हणत नाही. आधी माझे जेवण वाढ म्हणतो. आणि शेवट असा की सगळे करून झाल्यावर तुम्हीही म्हणा, आम्ही निरुपयोगी दास आहोत, आमचे कर्तव्य तेवढे केले. ही गोष्ट कानाला कठोर लागते. मंडळीत ती बहुधा राबणाऱ्यांना आणखी राबवायला वापरतात. पण प्रश्न विश्वासाचा होता आणि त्याला हे उत्तर मिळाले, हे विसरू नका. एवढी वर्षे शिकवले, एवढे उपवास केले, आता देवाने माझे ऐकायलाच हवे, हा हिशेब प्रभू इथे मोडून टाकतो. तो मोडला की दुसरी बाजूही मोडते: माझा उपवास कमी पडला म्हणून यजमान बरे झाले नाहीत, हाही त्याच वहीतला हिशेब आहे. पहिले खोटे असेल तर दुसरेही खोटे.

आता त्याच लूकच्या बाराव्या अध्यायातले ३७ वे वचन याच्या शेजारी ठेवा. तिथे रात्री उशिरा परतलेला धनी स्वतः कंबर बांधतो, जागे असलेल्या दासांना जेवायला बसवतो आणि त्यांना वाढतो. सतराव्या अध्यायात ज्या पंगतीवर हक्क सांगता येत नाही, बाराव्यात त्याच पंगतीला धनी हात धरून बसवतो. हक्क सांगत नाही, ही नम्रता. बसवल्यावर बसतो, हा विश्वास. यापलीकडे मला या विषयात नवे काही शिकायला मिळाले नाही.

आरोग्याबद्दल स्पष्ट बोलतो. प्रचारक महाशय मार्काच्या सहाव्या अध्यायातले नासरेथचे उदाहरण देतात हे मला माहीत आहे, प्रभूच्या त्या स्वतःच्या गावी लोकांच्या अविश्वासामुळे प्रभूने फारशी महत्कृत्ये केली नाहीत. पण मार्काच्याच दुसऱ्या अध्यायात चौघे जण पक्षाघात झालेल्या माणसाला छप्पर उघडून खाली सोडतात, आणि प्रभू ‘त्यांचा’ विश्वास पाहतो. खाटेवरच्या माणसाचा स्वतःचा विश्वास किती होता, कुणी विचारत नाही. योहानाच्या पाचव्या अध्यायात अडतीस वर्षे आजारी असलेल्या माणसाला तर आपल्याला कुणी बरे केले हेही ठाऊक नसते. उलट प्रेषित पौलाने शरीरातला काटा, म्हणजे सततची पीडा, जावा म्हणून तीनदा विनंती केली. उत्तर मिळाले, माझी कृपा तुला पुरे आहे. त्रफिम या सोबत्याला त्याने मिलेत शहरात आजारी ठेवून पुढचा प्रवास केला. तरुण सहकारी तीमथ्याच्या वारंवारच्या दुखण्यावर थोडा द्राक्षारस घे असा अगदी घरगुती सल्ला दिला. पौलाचा विश्वास कमी होता असे म्हणायला कुणाची जीभ रेटेल का?

आपल्या महाराष्ट्रातल्या ख्रिस्ती लोकांनी तर हे फार पूर्वीच ओळखले होते. मिरजेला डॉ. विल्यम वॉनलेस यांनी १८९० च्या दशकात रुग्णालय उभे केले. तिथे प्रार्थनाही होत असे आणि शस्त्रक्रियाही. एकाने दुसऱ्याची जागा घेतली नाही. तुमच्या यजमानांचे डायलिसिस चालू आहे, रक्त दर खेपेला स्वच्छ होते आहे, तुम्ही त्यांना घेऊन जाता. यात देव नाही, तो फक्त सभेच्या व्यासपीठावर आहे, असे मला तरी मानता येत नाही.

मार्काच्या नवव्या अध्यायातल्या बापाची प्रार्थना तुम्ही मुलांना शिकवली असेल: माझा विश्वास आहे, माझा अविश्वास घालवून टाका. मोठ्यांच्या सभेत आपण ती फारशी करत नाही, कारण ती ऐकायला भक्कम वाटत नाही. प्रभूने ती प्रार्थना ऐकून मुलाला बरे केले. आधी मुलाच्या बापाचा अविश्वास पूर्ण जाऊ द्या, असे तो म्हणाला नाही.

आता नम्रता, आणि तो हिशेबाचा प्रसंग.

फिलिप्पैकरांस पत्राचा दुसरा अध्याय म्हणजे नम्रतेचा पाया. ख्रिस्ताने देवासमान असणे घट्ट धरून ठेवले नाही, स्वतःला रिक्त केले, दासाचे रूप घेतले, वधस्तंभापर्यंत आज्ञाधारक राहिला. हे पत्र पौलाने कैदेतून लिहिले. आणि लिहिले कुणाला, तर त्याच फिलिप्पै शहरातल्या मंडळीला, जिथे त्याला आणि त्याचा सोबती सीला याला चौकशीविना फटके मारून तुरुंगात टाकले होते. दुसऱ्या दिवशी अधिकाऱ्यांनी निरोप पाठवला, सोडून द्या त्यांना, गुपचूप जाऊ देत. पौल काय म्हणाला ते प्रेषितांची कृत्ये, अध्याय १६ मध्ये आहे: आम्ही रोमी नागरिक असताना आम्हाला उघडपणे फटके मारले आणि आता गुपचूप बाहेर काढता काय? ते चालणार नाही, त्यांनी स्वतः येऊन आम्हाला बाहेर न्यावे. अधिकारी आले, विनवणी केली. नम्रतेचे सर्वांत मोठे स्तोत्र ज्यांनी पहिल्यांदा वाचले, त्यांना लेखकाचा हा प्रसंग पक्का माहीत होता. आणि खुद्द प्रभूला प्रमुख याजकापुढे एका शिपायाने चपराक मारली, तेव्हा तो म्हणाला, मी वाईट बोललो असेन तर ते सिद्ध कर, बरे बोललो असेन तर मला का मारतोस? दुसरा गाल पुढे करा असे शिकवणाऱ्याने असे विचारले आहे.

मग तुम्ही हिशेब विचारलात ते नम्रतेला सोडून होते का? पैशांच्या बाबतीत पौल तर स्वतःहून पुढे होता. यरुशलेमेतल्या गरिबांसाठी जमवलेली वर्गणी नेताना त्याने आपला सहकारी तीत याच्यासोबत मंडळ्यांनी निवडलेली माणसे दिली आणि कारणही लिहून ठेवले (२ करिंथ, अध्याय ८): या रकमेबाबत कुणी आम्हाला दोष लावू नये, जे चांगले ते प्रभूपुढेच नाही तर माणसांपुढेही दिसावे. हिशेब मागितल्यावर नम्रतेचा धडा द्यायची वेळ ज्या कमिटीवर येते, तिने आधी हे वाचावे.

यात एक गोष्ट मी मुद्दाम थोडी खोलात सांगतो, कारण बाहेरच्या पुस्तकांत ती सापडत नाही. नगरकडच्या आमच्या बहुतेक मंडळ्या महार-मांग वस्त्यांतून उभ्या राहिल्या. माझ्या आजोबांच्या पिढीला गावात मान खाली घालून चालावे लागे, पाटलाच्या ओसरीपाशी जमिनीवर बसावे लागे. त्या माणसांना मंडळीने बाकावर बसवले, पाटी-पेन्सिल दिली, शास्त्र वाचायला उभे केले. ज्यांची मान इतरांनी शेकडो वर्षे दाबून खाली केली होती, त्यांच्यासाठी ताठ उभे राहणे हीच कृपेची पहिली खूण होती. प्रभूची आई मरीया हिच्या स्तोत्रात देव सत्ताधाऱ्यांना आसनांवरून ओढून काढतो आणि दीनांना उंचावतो. दीनांना आणखी खाली बसा म्हणत नाही. मंडळीतल्या बायकांना आणि गरिबांना नम्रतेचा उपदेश जास्त होतो आणि वडीलजनांना कमी, हे मी इतक्या ठिकाणी पाहिले आहे की आता तो उपदेश कोण कुणाला करतो आहे हे आधी बघतो. सहाव्या शतकातल्या संत बेनेडिक्टच्या मठांच्या नियमांत नम्रतेच्या बारा पायऱ्या आहेत, आणि स्वतःला सगळ्यांहून हलके मानायची पायरी लोक मोठ्या आवडीने दुसऱ्याला दाखवतात. ती सातवी आहे. पहिली पायरी आहे देव आपल्याला पाहतो आहे हे न विसरणे. आणि त्याच नियमांत मठाधिपतीला बजावले आहे की महत्त्वाच्या कामी सगळ्यांना बोलावून विचारा, कारण देव पुष्कळदा सर्वांत धाकट्याला योग्य ते सुचवतो.

पंडिता रमाबाईंचे उदाहरण मी बायकांना देतो, पुरुषांना त्याहून जास्त. १८८३ साली इंग्लंडमध्ये वाँटेज इथे त्यांचा बाप्तिस्मा झाला. तिथल्या मठातल्या सिस्टरांनी त्यांना माया दिली, पण चर्च सांगेल ते तसेच्या तसे मानावे अशीही त्यांची अपेक्षा होती. रमाबाईंनी पत्रांतून प्रश्नांमागून प्रश्न विचारले आणि मला माझी सदसद्विवेकबुद्धी आहे, माझे मत आहे, असे साफ कळवले. त्यावरून त्यांच्यावर अहंकाराचा ठपकाही आला. तीच बाई पुढे स्वतःच्या साक्षीत मान्य करते की बाप्तिस्म्यानंतर आठेक वर्षे आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला होता, ख्रिस्त सापडला नव्हता. तोवर त्या अमेरिकेत व्याख्याने देऊन आल्या होत्या, मुली-विधवांसाठी शारदा सदन चालवत होत्या, कलकत्त्याच्या विद्वानांनी दिलेली ‘पंडिता’ ही पदवी नावापुढे होती. एवढे सगळे पाठीशी असताना ‘मला अजून मिळालेच नव्हते’ हे लिहून छापायचे! सत्तेपुढे त्या वाकल्या नाहीत आणि देवापुढे रिकाम्या हाताने उभ्या राहायला लाजल्या नाहीत. माझ्या मते नम्रता ती हीच, आणि या दोन गोष्टी एकाच मुळातून येतात. देवासमोर खरे बोलायची सवय लागलेल्या माणसाला कमिटीसमोर खोटे वागणे जड जाते.

मात्र तुमच्याही बाजूने एक गोष्ट तपासायला हवी. हिशेब विचारताना तुम्हाला हिशेब हवा होता, की अमुक एका पंचाला सगळ्यांसमोर खाली बघायला लावायचे होते? दोन्ही असेल तर नवल नाही. माणूस असेच मिसळलेले असते. दुसरे कारण सापडले तर ते प्रभूला सांगा, पण पहिला प्रश्न सोडू नका. पुढच्या बैठकीआधी लेखी विचारा, नम्र शब्दांत, तारखेसह.

आता सर्वांत अवघड भाग, माझ्या मते तुमच्यासाठी हाच. योहानाच्या तेराव्या अध्यायात प्रभू शिष्यांचे पाय धुवायला येतो तेव्हा शिष्य पेत्र म्हणतो, माझे पाय तुम्ही कधीही धुवायचे नाहीत. ऐकायला किती नम्र! पण प्रभू म्हणतो, मी तुला धुतले नाही तर माझ्याबरोबर तुला वाटा नाही. पेत्राला सेवा करायची आहे, करून घ्यायची नाही. मी पाहिलेल्या चांगल्या ख्रिस्ती माणसांपैकी बरीचशी इथेच अडकतात. दुसऱ्याच्या घरी आजारपण असले की डबा घेऊन पहिली हजर तीच, पण स्वतःच्या घरी कुणी डबा आणला तर ‘कशाला त्रास घेतलात’ म्हणून दारातच अवघडतात.

म्हणून तुमची पुढची पायरी मला अशी दिसते. मंडळीतल्या दोन विश्वासू बायकांना सांगा की अमुक वारी यजमानांबरोबर दवाखान्यात तुम्ही बसा, मी घरी झोपणार आहे. कारण देऊ नका, माफी मागू नका. मार्काच्या दुसऱ्या अध्यायातल्या खाटेला चौघांचे हात लागले होते. काही दिवस तुम्ही खाटेवर राहा. प्रार्थनेला शब्द सुचत नसतील तर दुसऱ्याला तुमच्यासाठी मोठ्याने प्रार्थना करू द्या आणि आमेन म्हणा. तुमच्या विश्वासाची सध्याची झेप एवढीच असेल, तर ती पुरेशी आहे.

स्वतःच्या प्रार्थनेत स्तुती जमत नसेल तर ओढूनताणून करू नका. स्तोत्र ८८ वाचा. ते शेवटपर्यंत अंधारातच राहते, गोड वळण घेत नाही, तरी शास्त्रात आहे. मुलीसाठी विनवणाऱ्या कनानी स्त्रीला आठवा: प्रभूने आधी उत्तर दिले नाही, मग नकारासारखे बोलला, तरी ती मेजावरून पडणाऱ्या चुऱ्यावरून त्याच्याशी वाद घालत राहिली. ‘बाई, तुझा विश्वास मोठा आहे’ हे शब्द तिला मिळाले. मत्तयाच्या शुभवर्तमानात मोठ्या विश्वासाबद्दल अशी शाबासकी आणखी एकालाच आहे, कफर्णहूमच्या शताधिपतीला. दोघेही परके. एक म्हणाला, तुम्ही माझ्या छपराखाली यावे अशी माझी योग्यता नाही. दुसरीने हट्ट धरला. देवाशी भांडता येते, ताई. त्याच्यापुढून निघून मात्र जायचे नाही.

झोपण्यापूर्वी पाच-दहा मिनिटांची एक सवय सुचवतो. ती मी पुण्यातल्या जेझुइट धर्मगुरूंकडून शिकलो. त्यांच्या संघाचे संस्थापक संत इग्नाशियस यांनी सोळाव्या शतकात घालून दिलेली आहे. दिवस प्रभूबरोबर मागे वळून पाहायचा: आज कुणी काय दिले, कुठे मन उघडले, कुठे आखडले, आणि उद्यासाठी काय मागायचे. आपले लोक हे करताना चुकांची यादी काढतात आणि रडवेले होऊन झोपतात. आधी मिळालेले मोजायचे आणि मग चुका, हा क्रम मोडू नका. त्याच इग्नाशियसचा दुसरा सल्ला संडे स्कूलबद्दल उपयोगी पडेल: मन कोरडे असताना, ते भरलेले असताना घेतलेला निर्णय मोडू नये. तेव्हा राजीनामा देऊ नका. पण दोन-तीन महिन्यांची रजा घेणे म्हणजे निर्णय मोडणे नव्हे. परतायची तारीख सांगून रजा घ्या आणि वर्ग दुसऱ्या कुणाच्या हाती सोपवा. तुमच्यावाचून वर्ग नीट चालला, तर तो आनंदही घेऊन बघा. तो सुरुवातीला जरा टोचतो.

वाढ कशी कळणार, हे विचारलेत. स्वतःची स्वतःला बहुधा कळत नाही, आणि ते बरेच आहे. लूकच्या अठराव्या अध्यायातल्या दाखल्यात, कडक धर्मनियम पाळणाऱ्या परूश्याला आपली प्रगती आठवड्यातले उपवास आणि दशांश यांसकट ठाऊक होती. नीतिमान ठरून घरी गेला तो पापी समजला जाणारा जकातदार, आणि त्याला ते कळलेही नसेल. फ्रान्समधल्या लिझ्यूच्या मठातली संत तेरेसा १८९६ च्या ईस्टरपासून १८९७ साली मरेपर्यंत विश्वासाच्या दाट अंधारात होती, क्षयाने खोकत होती, आणि बाहेरच्यांना दिसत होता तो तिचा हसरा चेहरा. मदर तेरेसांचा अनेक वर्षांचा आतला अंधारही त्यांच्या पत्रांतून मागाहून लोकांना कळला. कोरडेपणा म्हणजे घसरण, हे समीकरण या दोघींच्या आयुष्यात बसत नाही.

तरी पाळक म्हणून मी काही गोष्टींकडे लक्ष ठेवतो. चूक झाल्यावर माणूस किती लवकर ‘चुकलो’ म्हणतो आणि मग स्वतःची बाजू मांडत बसतो की थांबतो. आपल्या जागी दुसऱ्याला पुढे केले तर रात्री झोप लागते का. स्तुती झाली तर लाजून उधळत नाही, सरळ ‘आभारी आहे’ म्हणतो का. आणि सर्वांत जास्त, घरातल्या माणसांना तो पूर्वीपेक्षा सोपा वाटतो का. हे तुमच्या यजमानांना विचारा. खाटेवरच्या माणसाला सगळे दिसते.

राहिले प्रचारक. पुन्हा भेटले तर वाद घालू नका, आरोपही ऐकून घेऊ नका. प्रार्थनेबद्दल आभार माना आणि एवढेच विचारा: तुम्ही त्यांच्यासाठी प्रार्थना केलीत तेव्हा विश्वास तुमचाही होता ना? मग बोलणे दुसऱ्या विषयावर जाईल.

आणि उपवास वाढवू नका. जिथे आहे तिथून थोडा कमीच करा. शुक्रवार डायलिसिसचा वार असेल तर त्या दिवशी पोटभर जेवून दवाखान्यात जा, डबाही न्या. उपवास करायचाच असेल तर स्वतःला दोष देण्याचा करा, काही शुक्रवार तरी.